'पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं' पाठ आहे, तरी आठवीतल्या मुलीची समीकरणं का चुकतात?

प्रश्न थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. इंदूरच्याच एक ताई आहेत, त्यांची मुलगी आठवीत, सीबीएसई. ३क्ष + ५ = २० असलं गणित ती चटकन सोडवते पण दोन्ही साईडला क्ष आला की कधी बरोबर कधी चूक, आणि शाब्दिक गणित दिसलं की सरळ कॉपी, म्हणजे वही, बंद. क्लासच्या सरांनी सांगितलंय 'इकडचं तिकडे नेलं की चिन्ह बदलतं', ते तिला तोंडपाठ आहे, मग चुकतं कुठे, आणि ट्यूशन बदलायची का असं त्या विचारतात. सोबत तिच्या कॉपीच्या एका पानाचा फोटो आहे.

ताई, मी इथे इंदूरलाच २७ वर्षं सातवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवतेय, आणि तुमच्या मुलीच्या कॉपीतलं ते पान मी शेकडो कॉप्यांमध्ये बघितलंय. तिने असं लिहिलंय (तिच्या पुस्तकात एक्स आहे, मी आपल्या सवयीने क्ष लिहितेय):

५क्ष − ३ = ३क्ष + ९
५क्ष − ३क्ष = ९ + ३
२क्ष = १२
क्ष = १२ − २
क्ष = १०

तिसऱ्या ओळीपर्यंत सगळं बरोबर आहे. चौथीत गडबड झाली. पण नीट बघा, तिने नियम मोडलेला नाहीये, उलट अगदी इमानदारीने पाळलाय! २ इकडून तिकडे गेला, चिन्ह बदललं, वजा झाला. तिला जे सांगितलं तेच तिने केलं. म्हणून तिला 'लक्ष नाही तुझं' म्हणून रागावू नका, लक्ष आहे, नियमच अर्धवट आहे. २क्ष मधला २ हा क्षमध्ये मिळवलेला नाही, क्षला गुणलेला आहे, पण 'पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं' या वाक्यात हा फरक कुठेच दिसत नाही. मग सर म्हणतात अगं गुणाकार असला की भागाकार होतो, ती तेही पाठ करते, मग वजा क्ष आला की तिसरा नियम, कंस आला की चौथा, आणि एवढे सगळे नियम डोक्यात घेऊन बसलेली पोर परीक्षेत कुठला कधी लावायचा यातच अडकते.

माझं म्हणणं एकच आहे. समीकरणात इकडून तिकडे काहीच जात नाही. आपण फक्त दोन्हीकडे एकसारखं काहीतरी करतो. हे एकदा हाताने करून बघितलं की नियम पाठ करायची गरज राहत नाही.

त्याआधी घरी एक छोटी टेस्ट घ्या. कागदावर ७ + ५ = __ + ४ एवढंच लिहा आणि रिकाम्या जागी काय येईल विचारा. आठवीतली चांगली मार्क पडणारी मुलंसुद्धा पुष्कळदा १२ लिहितात, आणि वरून + ४ बघून = १६ असं पुढे जोडतात. यायला पाहिजे ८. याचं कारण पहिलीपासून ते 'बरोबर'चं चिन्ह मुलं 'आता उत्तर लिही' असंच वाचत आलेली असतात, डावीकडे हिशेब आणि उजवीकडे उत्तर. खरं तर ते चिन्ह सांगतं की दोन्हीकडे किंमत एकच आहे, बस्स. रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या माणसाने १५५७ मध्ये हे चिन्ह पहिल्यांदा छापलं तेव्हा त्याने दोन समांतर रेघा घेतल्या आणि कारण दिलं की याहून सारख्या अशा दोन गोष्टी असूच शकत नाहीत. मी वर्गात हे नेहमी सांगते कारण मुलांना ते आवडतं आणि लक्षात राहतं, वरची रेघ आणि खालची रेघ सारखी तशी ही बाजू आणि ती बाजू सारखी.

आता हाताने करायची गोष्ट. माझ्याकडे एक जुना दोन पारड्यांचा तराजू आहे, राजवाड्याजवळ बर्तन बाजारातून घेतलेला. आजकाल सगळीकडे इलेक्ट्रॉनिक काटे आहेत त्यामुळे पुस्तकात तराजूचं चित्र असलं तरी मुलांना ते नुसतं चित्रच वाटतं, दोन्ही पारडी समान असणं म्हणजे काय हे हाताला माहीत नसतं. मी आधी चिंचोके घेऊन बघितलं होतं पण ते कमी-जास्त वजनाचे असतात, काटा मधोमध थांबत नाही आणि मुलांचा विश्वासच उडतो. एक रुपयाची नाणी पण वेगवेगळ्या सालांची वेगवेगळ्या वजनाची निघतात. शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून एकाच मापाचे जाड लोखंडी वॉशर आणले, ते एकदम बेस्ट. पातळ कागदाच्या पुड्या बांधायच्या, प्रत्येक पुडीत सारखेच वॉशर, किती ते मुलांना सांगायचं नाही. ती पुडी म्हणजे क्ष.

मागच्या पावसाळ्यात एक मुलगी आली होती, तुमच्या लेकीसारखीच. मी डाव्या पारड्यात ३ पुड्या आणि २ सुटे वॉशर ठेवले, उजवीकडे १ पुडी आणि १० सुटे वॉशर. काटा बरोबर मधोमध. म्हटलं पुडी न उघडता सांग आत किती आहेत, फक्त काटा हलता कामा नये. ती बराच वेळ नुसती बघत बसली, मग हळूच म्हणाली, "मॅडम, दोन्हीकडून एक-एक पुडी उचलली तर चालेल ना?" मी काहीच बोलले नाही, म्हटलं उचलून बघ. उचलली. काटा मधोमधच. मग तिने स्वतःच दोन्हीकडून दोन-दोन वॉशर काढले. डावीकडे राहिल्या दोन पुड्या, उजवीकडे आठ वॉशर. मग आठ वॉशरचे चार-चारचे दोन ढीग केले आणि प्रत्येक पुडीसमोर एक ढीग लावला. पुडी उघडली, आत चार. तिचा चेहरा मला अजून आठवतो.

तिने जे केलं तेच कॉपीत लिहायचं:

३क्ष + २ = क्ष + १०
दोन्हीकडून क्ष काढला: २क्ष + २ = १०
दोन्हीकडून २ काढले: २क्ष = ८
दोन्हीकडचे अर्धे घेतले: क्ष = ४

हे शब्द, 'दोन्हीकडून काढला', 'दोन्हीकडचे अर्धे', तिला निदान पंधरा दिवस प्रत्येक ओळीला लिहायला लावा, कितीही कंटाळा केला तरी. दोन पुड्या आणि आठ वॉशर समोर असताना कोणी आठातून दोन वजा करत नाही हो, हाताला ते पटतच नाही. कॉपीत मात्र १२ − २ सहज लिहिलं जातं. आणि सरांचा नियम खोटा आहे असं मी म्हणत नाही. डावीकडून २ काढले, उजवीकडूनही काढले, तर कागदावर डावीकडचा + २ दिसेनासा होतो आणि उजवीकडे − २ दिसायला लागतो, लांबून बघितलं तर तो उडी मारून गेल्यासारखाच दिसतो. शॉर्टकट म्हणून छान आहे, मी स्वतः तसंच सोडवते. पण शॉर्टकट मुलाला स्वतःला सापडला पाहिजे, पहिल्या दिवशी हातात द्यायचा नाही.

तराजूची एक अडचण मात्र आहे, ऋण संख्या. ५क्ष − ३ पारड्यात ठेवणार कसे? वजा तीन वॉशर कुठून आणणार? काही जण फुगे वगैरे बांधायला सांगतात, मला ते ओढूनताणून वाटतं. आपल्याकडे याच्यासाठी फार चांगली गोष्ट आहे, कर्ज. ऋण या शब्दाचा अर्थच मुळी कर्ज. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये धन आणि ऋण संख्यांचे नियम मांडले तेही याच शब्दांत, धन म्हणजे जवळ असलेलं आणि ऋण म्हणजे देणं. इंग्लिश मीडियमच्या मुलांना नुसतं मायनस माहीत असतं, त्यांना हे सांगितलं की एकदम डोळे मोठे होतात.

आणि भास्कराचार्यांच्या बीजगणितात, म्हणजे ११५० च्या सुमाराचं, एक उदाहरण आहे ते मी दरवर्षी घेतेच घेते. एका माणसाकडे ३०० रुपये आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्याकडे १० घोडे आहेत पण १०० रुपये कर्ज आहे. सगळ्या घोड्यांची किंमत सारखी आणि दोघांची एकूण मालमत्ताही सारखी, तर एका घोड्याची किंमत काय? आपण लिहू

६क्ष + ३०० = १०क्ष − १००

आता गोष्टीसारखं बोला मुलीशी. दोघांकडचे सहा-सहा घोडे बाजूला बांधून ठेवले तरी दोघे सारखेच श्रीमंत राहतील ना? पहिल्याकडे राहिले ३०० रुपये, दुसऱ्याकडे ४ घोडे आणि १०० कर्ज. आता दुसऱ्याला कर्ज फेडायला १०० रुपये द्या. पण एकालाच दिले तर बरोबरी मोडली, म्हणून पहिल्यालाही १०० द्यावेच लागतील. झालं, ४०० रुपये म्हणजे ४ घोडे, एक घोडा १०० रुपयांचा. वजा १०० पलीकडे जाऊन अधिक १०० का झाला हे यात आपोआप दिसतं, कोणीतरी कर्ज फेडलं म्हणून. भास्कराचार्य अज्ञात संख्येला यावत्तावत् म्हणायचे, म्हणजे जेवढं असेल तेवढं, आणि लिहिताना नुसतं 'या'. एक बाजू वर, दुसरी तिच्या बरोबर खाली, आणि ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. मला ही एकाखाली एक मांडणी फार आवडते कारण घोड्यांखाली घोडे आणि रुपयांखाली रुपये येतात, मुलं घोड्यातून रुपये वजा करत नाहीत. २क्ष + ३ चं ५क्ष करणाऱ्या मुलाला मी एवढंच विचारते, दोन घोडे आणि तीन रुपये मिळून पाच घोडे झाले का रे?

बाकीच्या चुका भराभर सांगते. −क्ष = ७ वर उत्तर आलं म्हणून थांबतात, तिथे कर्जाचीच भाषा, क्ष एवढं देणं हे ७ रुपये जवळ असण्याइतकं आहे तर क्ष स्वतः −७. ३(क्ष − २) चं ३क्ष − २ करतात, तीन जणांनी प्रत्येकी दोन रुपये कमी दिले तर एकूण सहा कमी पडले ना, म्हणून ३क्ष − ६. अपूर्णांक असले, जसं क्ष/२ + क्ष/३ = ५, तर दोन्ही बाजूंना ६ ने गुणा, पण उजवीकडच्या ५ ला पण, ३क्ष + २क्ष = ३०, क्ष = ६. तो ५ बिचारा तसाच राहून जातो नेहमी.

आणि पडताळा! ताई, एवढं एक तरी आजपासून सुरू करा. तुमच्या मुलीने क्ष = १० आल्यावर तो वरच्या ओळीत टाकून बघितला असता तर डावीकडे ५ × १० − ३ = ४७ आणि उजवीकडे ३ × १० + ९ = ३९, तिथल्या तिथे कळलं असतं. क्ष = ६ टाका, दोन्हीकडे २७ येतात. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि गणितासारखा दुसरा विषय नाही जिथे पोराला स्वतःचा पेपर स्वतः तपासता येतो, सरांना किंवा उत्तरसूचीला विचारायची गरजच नाही. ज्या मुलाला हे जमतं त्याची गणिताची भीती निम्मी तिथेच जाते असा माझा अनुभव आहे. पडताळा मात्र पहिल्या ओळीत घ्यायचा, मधल्या ओळीत नाही, मधली ओळच चुकलेली असू शकते.

आता अशा समीकरणांना 'रेषीय' का म्हणतात ते, कारण नववीत ते येणारच आहे. समजा ऑटोत बसल्याचे ३० रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १५ असा हिशेब ठरला. १ किलोमीटरला ४५, २ ला ६०, ३ ला ७५, प्रत्येक वेळी तेवढेच १५ वाढतात. ग्राफ पेपरवर टिंबं मांडली तर सरळ रेघ येते, पट्टी ठेवून बघू दे तिला. आता चौरसाचं क्षेत्रफळ मांडा, बाजू १ तर १, २ तर ४, ३ तर ९, वाढ आधी ३ मग ५, रेघ वळते. म्हणजे क्षचा वर्ग आला की रेघ वाकली, नुसता क्ष असला की सरळ. आणि ऑटोवाल्याने १३५ रुपये सांगितले तर किती किलोमीटर झाले हे शोधणं म्हणजेच १५क्ष + ३० = १३५ सोडवणं, आधी बसल्याचे ३० काढले, राहिले १०५, त्यात १५ सात वेळा. हे ती तोंडी करेल बघा, मग सांगा की तू आत्ता समीकरण सोडवलंस.

दोन अज्ञात असतात तेव्हा काय होतं हेही एवढ्यातच दाखवून टाका, आपल्या पोहे-जिलबीवर. २ प्लेट पोहे आणि १ प्लेट जिलबी, बिल ९० रुपये. २प + ज = ९०. इथे एक गोष्ट पक्की करा की प म्हणजे पोहे नाहीत, एका प्लेट पोह्यांची किंमत आहे. अक्षर वस्तूचं नाव समजलं तर पुढे सगळं गडबडतं, '२प' ला दोन पोहे समजून मुलं ९० हे कशाचे ते विसरतात. आता प २० असेल तर ज ५०, प २५ तर ज ४०, प ३० तर ज ३०. सगळीच उत्तरं बरोबर! मुलांना याचा धक्का बसतो की गणितात एवढी उत्तरं कशी. ही सगळी टिंबं पण एका सरळ रेघेवर येतात. मग शेजारच्या टेबलाचं बिल सांगा, ३ पोहे १ जिलबी, ११५ रुपये. एकच प्लेट पोहे जास्त आणि २५ रुपये जास्त, म्हणजे पोहे २५ आणि जिलबी ४०. दुसऱ्या बिलाची वेगळी रेघ निघते आणि त्या दोन रेघा जिथे छेदतात तिथे हेच २५ आणि ४० सापडतात. दहावीतला तो मोठा धडा मुळात एवढ्यावर उभा आहे.

कधी कधी क्ष उडूनच जातो आणि मुलं घाबरून सगळं खोडतात. २क्ष + ३ = २क्ष + ५ मध्ये दोन्हीकडून २क्ष काढले तर ३ = ५ उरतं, म्हणजे असा क्ष नाहीच. २(क्ष + ३) = २क्ष + ६ मध्ये ६ = ६ उरतं, म्हणजे कुठलाही क्ष चालतो. खोडायचं नाही, हे उत्तरच आहे.

राहिलं शाब्दिक गणित. इथे आपल्या इंदूरच्या मराठी घरांची एक वेगळी अडचण आहे, पुस्तक इंग्लिश, सर समजावतात हिंदीत आणि पोर विचार करते मराठीत, घरी आजीशी बोलते त्या भाषेत. म्हणून मी काय करते, प्रश्न वाचून झाला की पुस्तक पालथं ठेवायला लावते आणि म्हणते आता मला ही गोष्ट मराठीत सांग. सांगता आली नाही तर गणित अडलेलं नसतं, वाचन अडलेलं असतं. उदाहरण घ्या, आईचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे, १२ वर्षांनी दुप्पट होईल, तर आज वयं किती? जवळजवळ प्रत्येक मूल लिहितं ३क्ष + १२ = २क्ष. मी विचारते, आईची बारा वर्षं झाली, तोवर मुलगी तेवढीच राहिली का गं? मग हसतात आणि लिहितात ३क्ष + १२ = २(क्ष + १२), क्ष = १२, आई ३६. बारा वर्षांनी २४ आणि ४८, दुप्पट, जुळलं. मी आधी एक छोटा तक्ता करायला लावते, आज आणि १२ वर्षांनी असे दोन रकाने, आई आणि मुलगी अशा दोन ओळी, चार चौकटी भरल्याशिवाय समीकरण लिहायचंच नाही. आणि पहिली ओळ नेहमी 'समजा मुलीचं आजचं वय क्ष वर्षं', 'आजचं' या शब्दासकट.

ट्यूशन बदलू नका इतक्यात. सरांचं फार काही चुकत नाहीये, त्यांना सिलॅबस संपवायचा असतो, आणि पोर चौथ्या ओळीत अडकते ते एका हाताने करायच्या गोष्टीने सुटण्यासारखं आहे. पंधरा दिवस रात्री जेवण झाल्यावर वीस मिनिटं तुम्ही स्वतः बसा. तराजू नसला तरी चालेल, काडेपेटीच्या रिकाम्या डब्या आणि राजम्याचे दाणे घ्या, मधे एक पट्टी ठेवा, पट्टीच्या दोन्हीकडे संख्या सारखी हवी एवढाच खेळ. पहिल्या आठवड्यात रोज तीनच गणितं, त्यात ऋण संख्या नको. दुसऱ्या आठवड्यात कर्ज आणि घोडे. पहिल्या दिवसासाठी ही तीन देऊन ठेवते, ४क्ष + १ = २क्ष + ९, ५क्ष + २ = ३क्ष + १२, आणि क्ष + १४ = ३क्ष + ४. तिसऱ्यात क्ष उजवीकडे जास्त आहेत, तिथे ती डावीकडचा क्ष काढायला कचरेल आणि तुमच्याकडे बघेल, तेव्हा लगेच सांगू नका, डब्या मोजू दे तिला.